तिसऱ्या दिवशी येणारी वच्छलाआत्या

मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडत होती तेव्हा माझ्या आतेभावाचा, दिलीपचा फोन आला. तो एरवी शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून मी व्हरांड्यात येऊन उचलला. "ताई, माय गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, कधी? "आत्ताच. चहा पेली, कप खाली ठेवला, अन् भिंतीले टेकली... मले वाटलं डुलकी लागली." मुख्याध्यापकांना सांगून मी तशीच निघाले. अकोल्याहून अमरावती, तिथून ऑटोने भातकुलीकडे, आत्याच्या गावाला. तिथे पोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. आत्याचं गाव तिच्यासाठी जमणार हे ठाऊक होतं. पण त्या गर्दीत मला कितीतरी म्हातारी माणसं दिसली, काळे चष्मे लावलेली, कुणाचातरी हात धरून आलेली. तिच्या नात्यातली नव्हती. ती कुठून कुठून का आली होती, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. आज त्या दिवसाला पाच आठवडे झाले.

वच्छलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. काळ्या जमिनीचा दोन एकराचा तुकडा, त्यात विहीर, आणि वर्षभर भाजी. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. पहाटे भाजी काढायची, ऑटोत टाकून अमरावतीच्या बाजारात न्यायची आणि दुपारपर्यंत विकून परत यायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. डी. एड. करताना मी दोन वर्षं तिच्याकडे राहिले. तिच्यासोबत त्याच ऑटोत, भाजीच्या गठ्ठ्यांना पाठ लावून, कॉलेजला जायचे. शाळेत ती कधी गेली नव्हती. पण तिचे डोळे...! वांग्याला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी ती हातभर अंतरावरून ओळखायची आणि गिऱ्हाईक बोट लावायच्या आत ते वांगं बाजूला काढायची. "किडकं मी देत नाई, अन् तुमी मागू नोका," असं दरडावून सांगायची. तिच्याकडून वांगी घेतली की घरी चिरून पाहायची गरज नाही, असं बाजारात म्हटलं जायचं, आणि आत्याला त्याचा फार अभिमान होता. मी कॉलेजातून उपाशी आले की नुसतं तोंड बघून तिला कळायचं. "काहून जेवली नाई तू? पैसे हरपले का कोणाशी भांडली?" दोन्हीपैकी एक बहुतेक खरं असायचं.

अशा बाईच्या हातात एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाने किडकं वांगं परत आणून ठेवलं. बाई चांगली होती, हसून म्हणाली, "वच्छलाबाई, वय झालं आता." आत्याने ते वांगं घरी आणलं आणि उंबऱ्यावर बसून बराच वेळ हातात फिरवत राहिली, असं वैशालीने, म्हणजे दिलीपच्या बायकोने, मला नंतर सांगितलं. त्याच महिन्यात गावात डोळे तपासायचं शिबिर आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्यातला पिकलेला, डाव्यातला अजून कोवळा. अमरावतीच्या एका दवाखान्यात फुकट ऑपरेशन होणार होतं, गाडी न्यायला आणि सोडायला येणार होती. आत्याने एका मिनिटात हो म्हटलं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवर अंजनगाव सुर्जीकडची कौसाबाई नावाची एक बाई होती. तिचा एक डोळा लहानपणीच गेलेला. ऑपरेशन करायचं ते उरलेल्या एकाच डोळ्याचं, त्यामुळे ती सकाळपासून थरथरत होती. सोबत कोणी नाही. लिहून दिलेला फोन नंबर पुण्यात कामाला गेलेल्या भाच्याचा. ऑपरेशनची पाळी येईपर्यंत आत्या तिचा हात धरून बसली आणि तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तिचं सगळं गणगोत विचारत राहिली. भाऊ काय करतो, गाव किती लांब, शेतात काय लावता. शुक्रवारी पट्ट्या निघाल्या. आत्याने लगेच मला फोन केला. "मंगे, मले भिंतीवरची पाल दिसली वं! डोळे मिचकावून राह्यली होती ते बी दिसलं!" मी वर्गाबाहेर उभी राहून हसत होते. इतकी खूश मी तिला तिच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

आता पुढचं लिहिताना हात अडखळतो, पण ते टाळलं तर हा लेख खोटा होईल. रविवारी दुपारी मी तिला फोन केला. कशी आहेस म्हणून विचारलं. ती म्हणाली, "बरी हावो. थोडं ठणकून राह्यलं सकाळपासून. अन् काल दिसत होतं तेवढं आज दिसत नाई असं वाटते." मी काय म्हणावं? मी शिकलेली, शिक्षिका, चारचौघांना सल्ले देणारी. मी म्हणाले, "ऑपरेशन आहे आत्या, ठणकणारच. ड्रॉप टाकत राहा, आराम कर." तिने ऐकलं. मी सांगितलं म्हणून तिने दिलीपलाही काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी वैशालीने पाहिलं तर पापणी सुजून बंद झालेली आणि डोळा लालबुंद. दिलीपने ताबडतोब तिला अमरावतीला नेलं. तिथे तिच्याआधीच गुरुवारचाच आणखी एक म्हातारा तशाच डोळ्यानं येऊन बसला होता. ऑपरेशन करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी आत्याचा डोळा पाहिला. डोळ्याच्या आत जंतू शिरलेत, पडद्याच्या डॉक्टरांकडे आत्ताच्या आत्ता न्यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. ते डॉक्टर अकोल्यात होते. दवाखान्यानेच गाडी दिली.

त्या गाडीत काय झालं ते दिलीपने मला पुष्कळदा सांगितलंय. आत्या डोळ्यावर फडकं धरून वाकून बसली होती. अमरावती सुटायच्या आत तिने मान वर केली. "दिल्या, त्या कौसाबाईचं काय?" दिलीप वैतागून म्हणाला, "माय, तू सोताचं पाह्य ना! दवाखान्यातून फोन लावून राह्यले सगळ्याइले." सोबतच्या नर्सबाईंना तिने विचारलं. बाकी सगळ्यांना निरोप गेला होता, पण कौसाबाईचा नंबर बंद येत होता. आत्या म्हणाली, "तिले एकच डोळा हाये." मग म्हणाली, "माह्या फोनमंधी पानाचं चित्र हाये पाह्य. त्याले लाव."

आत्याला वाचता येत नसल्याने दिलीपने तिच्या फोनमधल्या नावांपुढे चित्रं टाकून दिली होती. पानाचं चित्र म्हणजे बाजारात तिच्याच ओळीत बसणारा पानवाला. त्याचा माल अंजनगावकडून यायचा. आणि कौसाबाईचा भाऊ पानमळ्यात कामाला आहे, हे ऑपरेशनच्या दिवशी हात धरून बसलेली असताना आत्याने विचारून घेतलं होतं. पानवाल्याने मळेवाल्याला फोन लावला, मळेवाल्याने कौसाबाईच्या भावाला गाठलं. भाऊ मोटारसायकलवर घरी पोचला तेव्हा कौसाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. डोळा सकाळपासून दुखत होता. "उद्या पाहू" म्हणत होती. भावाने तिला तशीच उठवली, पीठ लागलेल्या हातांनी. अकोटमार्गे ती अकोल्याला पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. तोवर आत्याच्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन देऊन झालं होतं.

पुढचे बारा दिवस आत्या अकोल्याच्या त्या दवाखान्यात होती. मी शाळेतून सुटले की तिच्याकडे. डोळ्यात आणखी इंजेक्शनं झाली, एक ऑपरेशन झालं, आतला पू काढला. कौसाबाई दोन खाटा सोडून होती. आठव्या दिवशी पडद्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "त्या दुसऱ्या बाईंना वेळेत उपचार मिळाले, नजर पूर्वीइतकी नाही येणार, पण फिरता-वावरता येईल. तुमच्या आत्याचा डोळा मात्र... एक दिवस आधी आल्या असत्या तर." ते सहज बोलून गेले. तो एक दिवस कोणता होता, हे त्यांना काय माहीत!

मी आत जाऊन खाटेवर बसले. तिने माझा हात चाचपला. "सांग नं. मले मालूम हाये."

"आत्या, उजव्या डोळ्यात आता उजेड येणार नाही."

"अन् कौसाबाईचा?"

"वाचला."

इथे मला लिहिता आलं असतं की तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तसं काही झालं नाही. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ती रडली, त्या साऱ्या आजारपणात पहिल्यांदा. मग म्हणाली, "तिचा वाचला अन् माहा गेला. मीच तिले बलावलं वं..." दोन दिवस ती कौसाबाईशी बोलली नाही. ती बिचारी खाटेपाशी येऊन उभी राहायची आणि परत जायची. तिसऱ्या दिवशी आत्याने मला सांगितलं, "तिले चहा देजो. किती वेळची उभी हाये." त्या दिवशी मी माझ्या रविवारच्या फोनबद्दल बोलले. माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. "तुले मालूम असतं तर तू सांगितलं नसतं काय," एवढं म्हणाली आणि विषय मिटवला. माझ्यापुरता तो अजून मिटलेला नाही.

चौकशी झाली. ऑपरेशनची खोली बंद ठेवली, औषधांचे, पाण्याचे नमुने नेले. वर्तमानपत्रांत आलं, दोन-चार माणसं कॅमेरे घेऊन घरी आली. नेमकी चूक कुठे झाली ते आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. दिलीप फार संतापलेला होता. अशातच एका दुपारी तो तरुण डॉक्टर एकटाच, मोटारसायकलवर, आत्याच्या घरी आला. दिलीप त्याला आत येऊ देईना. आत्याने आतून हाक मारली, "येऊ दे त्याले." मी त्या दिवशी तिथे होते. तो खाटेवर टेकला. आत्याने त्याला पाणी दिलं. मग सरळ विचारलं, "त्या दिवशी तुमी कामात काई कसूर केली काय?"

"नाही आजी. माझ्या परीने मी सगळं नीट केलं होतं. पण झालं खरं."

"बरं. पट्टी काढली तवा तुमी मले म्हणले, आता काई काळजी नाई. दुखलं तर लगोलग या, असं काहून नाई म्हणले?"

तो खाली मान घालून म्हणाला, "दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, आजी."

आत्याने वैशालीला पिशवी आणायला लावली. त्यातून घडी घातलेला कागद निघाला. खरंच लिहिलं होतं: डोळा दुखणे, लाल होणे, नजर कमी होणे, यांपैकी काही आढळल्यास त्वरित यावे. आम्ही कोणीच तो उघडला नव्हता. आत्याने कागद हातात घेतला, उलटा की सुलटा तिला कळत नव्हतं. "मले हे सारं काळंच दिसते बाप्पा. डोळे चांगले होते तवा बी काळंच होतं. यापुढं तोंडानं सांगत जा. एकेकाले हात धरून सांगत जा." तो डॉक्टर रडायला लागला. आत्याने त्याची समजूत घातली नाही. "जा आता," म्हणाली, "उन्हाचं नीट जाजो."

त्यानंतरची दोन वर्षं तिची फार वाईट गेली. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत चालला होता. बाजार वैशालीने हातात घेतला. आत्या घरात बसून शेंगा सोलायची, लसूण निवडायची. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कर म्हटलं की ती उठून आत जायची. आम्हीही कुठल्या तोंडाने आग्रह करणार? पुन्हा शिबिर आलं तेव्हा गावातून एकही म्हातारं माणूस गेलं नाही. "वच्छलाचं पाह्यलं नं?" एवढं बोललं की विषय संपायचा. त्यातच शेजारचे शेषराव, मोतीबिंदूने जवळजवळ आंधळे झालेले, ओट्यावरून पडले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. आत्या त्यांना भेटायला गेली तर ते म्हणाले, "ऑपरेशन केलं असतं तर दिसलं असतं, पण तुह्या डोळ्यानं हिंमत गेली माही." त्यांनी टोमणा मारला नव्हता, आपलं दुःख सांगितलं होतं. पण आत्याला ते लागलं. त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला.

"मंगे, माह्या नावानं लोक आंधळे बसून राह्यले. तुह्या अकोल्याच्या डॉक्टरले विचार, माहा डावा डोळा करतेत काय."

तिला माझ्याकडे आणलं. तिला किती भीती वाटत होती, ते मी पाहिलंय. जेवताना घास हातातच राहायचा. "हा बी गेला तर मंग काय करू मी?" असं एकदा विचारलं. ऑपरेशनच्या सकाळी दारात रिक्षा थांबली आणि त्यातून कौसाबाई उतरली, हातात पानांची पुडी, आपल्या त्या एका अर्ध्यामुर्ध्या डोळ्याने माझं घर शोधत आलेली. मी तिला कळवलं नव्हतं. आत्यानेच पानवाल्यामार्फत निरोप धाडला होता. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत कौसाबाई आत्याचा हात धरून बसली. "तुमची भाजी कितीले जाते, वांगी किती तुटतेत?" ती विचारत होती आणि आत्या, दातखीळ बसल्यासारखी, एकेका शब्दात उत्तरं देत होती.

पट्टी निघाली, दिसायला लागलं. यावेळी तिने आनंद केला नाही. शनिवारी, म्हणजे ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी, ज्या दिवशी मागचा डोळा ठणकायला लागला होता, ती पहाटेपासून खुर्चीवर ताठ बसून होती. दर थोड्या वेळाने आम्हाला बोलवायची. "लाल हाये काय पाह्य." मी बघायचे, कौसाबाई बघायची. समोरच्या कॅलेंडरवरचे मोठे आकडे काल जेवढे दिसत होते तेवढेच दिसतात का, हे ती स्वतः ताडून बघायची. सूर्य मावळला, मी दिवा लावला. ती कॅलेंडरकडे पाहत म्हणाली, "कालच्यापेक्षा चांगलं दिसते वं..." आणि मग आम्ही तिघी एकदमच रडायला लागलो.

गावी परतल्यावर ती आधी शेषरावांच्या खाटेपाशी गेली. त्यांच्या शर्टाची किती बटणं तुटली आहेत ते मोजून सांगितलं. त्यानंतर गावातली म्हातारी माणसं एकेक करून ऑपरेशनला तयार व्हायला लागली आणि आत्याचं एक नवीन काम सुरू झालं. ज्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल त्याच्या घरी ती तिसऱ्या दिवशी जायची. मग चौथ्या, पाचव्या. आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणी येऊ लागली, तर ती ऑटोने जायची. आधी त्या घरच्या सुनेला साबणाने हात धुवायला लावायची, मगच औषध टाकू द्यायची. आणि तोंडानं विचारायची, "दुखते काय? काल दिसत होतं तेवढंच दिसते, का कमी दिसते?" दुखतं आणि कमी दिसतं म्हटलं की तिथून न हलता गाडी बोलवायची. एकदा तिने अशाच एका आजोबांना धावतपळत अमरावतीला पाठवलं, तर नुसता पापणीचा केस डोळ्यात गेलेला निघाला. घरचे चिडले. आत्या म्हणाली, "चांगलं झालं नं मंग! केसच निघाला." दुसऱ्या एका बाईचा डोळा मात्र तिच्या त्या घाईमुळे वाचला. ती गेली त्या दिवशी अंगणात दिसलेली काळ्या चष्म्यांची माणसं ती हीच.

मागच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. दिलीप शेतात होता, वैशाली घरात नव्हती. नातू म्हणाला, आई खालच्या आळीत सुभद्राबाईकडे गेली. मी तिथे गेले. दाराशी चपला काढल्या आणि आतला आवाज ऐकून तिथेच थांबले. सुभद्राबाई खाटेवर बसल्या होत्या. वैशाली ओले हात पदराला न पुसता तसेच हवेत धरून वाळवत होती आणि विचारत होती, "आजी, दुखते काय? काल दिसत होतं तेवढंच दिसते, का कमी दिसते?"

"चांगलं दिसते वं पोरी. तू दारात आली तवाच वळखली."

"तरी मी उद्या येतो. परवा बी येतो."

परतताना आम्ही दोघी सोबत चालत होतो. बाजार, घर, सगळं एकटीच्या अंगावर पडलेली ही पोर... मी तिला म्हटलं, तुला हे करायला आत्या सांगून गेली होती का? वैशाली थांबली. "नाई ताई. कोणीच नाई सांगितलं. सकाळी भाजीचे गठ्ठे बांधून राह्यली होती, अन् ध्यानात आलं, सुभद्राआजीचा आज तिसरा दिवस हाये. मंग घरात बसवलंच नाई."